शुश्रूषा

(आजारी, वृद्ध आणि निराधार माणसांची सेवा म्हणजे केवळ औषध आणि अन्न देणे नव्हे. त्यांच्या आयुष्याची गोष्ट ऐकणे हाही त्या सेवेचा भाग आहे, असा विचार लेखिकेने या पाठात मांडला आहे.)

मराठी शिकवताना मला एक खेळ फार आवडतो. एखादा शब्द घ्यायचा आणि त्याचे घर शोधायचे. 'हजर', 'वकील', 'दुकान', 'जमीन', 'हिशेब' हे मराठी शब्द तुम्हां उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवावेच लागत नाहीत. ते तुमच्याच घरून आलेले आहेत. पण काही शब्द दुसऱ्या घरचे असतात. त्यांच्याशी ओळख करून घ्यावी लागते. 'शुश्रूषा' हा असाच एक शब्द.

वर्गात या शब्दाचा अर्थ विचारला, की मुली लगेच सांगतात, "टीचर, तीमारदारी!" उत्तर बरोबर आहे. आजाऱ्याची सेवा म्हणजे शुश्रूषा. परंतु हा शब्द संस्कृतातून आला आहे आणि त्याच्या मुळाशी 'श्रु' हा धातू आहे. 'श्रु' म्हणजे ऐकणे. 'श्रवण' आणि 'श्रोता' हे शब्दही त्याच कुळातले. शुश्रूषा या शब्दाचा पहिला अर्थ आहे ऐकण्याची इच्छा. जो ऐकायला तयार असतो तोच सेवा करतो, म्हणून पुढे त्याला सेवेचा अर्थ आला.

आपल्या उर्दूतही असाच एक शब्द आहे, मिजाजपुर्सी. 'पुर्सी' म्हणजे विचारणे. आजाऱ्याला भेटायला जाणे हे आपल्याकडे पुण्याचे काम मानले आहे. पण तिथे जाऊन नुसते बसायचे नाही, त्याला विचारायचे आहे. एका भाषेने सेवेला ऐकणे म्हटले, दुसरीने विचारणे म्हटले. दोन्ही भाषांच्या पूर्वजांना जे कळले होते, ते आपण विसरत चाललो आहोत असे मला वाटते. हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे.

२०१२ साली माझी नानी लातूरच्या एका दवाखान्यात एकोणीस दिवस होती. मी तेव्हा बी.एड. करत होते. सुट्टी घेऊन मी तिच्याजवळ राहिले. मी एक वही केली होती. कोणती गोळी किती वाजता द्यायची, ताप किती होता, पाणी किती प्यायली, सारे त्या वहीत लिहिले होते. डॉक्टरांनी ती वही पाहून माझे कौतुक केले. मलाही आपण फार चांगली सेवा करत आहोत असे वाटले.

नानीचे गाव किल्लारीच्या जवळचे. रात्री वॉर्डातले दिवे मंद झाले, की ती बोलायला लागे. "सुन गे बेटी, उस रात को..." एवढे म्हणून ती सुरुवात करी. मी म्हणत असे, "नानी, अब बातां नक्को करो, आराम करो." ती गप्प होई. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

'ती रात्र' म्हणजे कोणती, हे लातूर जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लोक उशिरा घरी येऊन झोपले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हादरली. त्या भागातली घरे दगड-मातीची आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारे तेच माळवद झोपलेल्या माणसांच्या अंगावर आले. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली बावन्न गावे पूर्ण उद्ध्वस्त झाली. हजारो माणसे गेली. त्यांत माझी सर्वांत धाकटी खाला होती. नानीला कोणीतरी ढिगाऱ्यातून बाहेर ओढून काढले. शेजारच्या घरचा एक माणूस होता, एवढेच आमच्या घरात माहीत आहे. त्याचे नाव नानीला माहीत होते. मी ते कधी विचारले नाही.

नानी गेली. ती वही माझ्याजवळ अजून आहे. तिच्यात गोळ्यांच्या सगळ्या वेळा आहेत. ज्याने माझ्या नानीचा जीव वाचवला, त्याचे नाव मात्र त्या वहीत नाही. आता ते सांगणारे कोणी उरले नाही. तो माणूस हयात असेल, तर त्याला सलाम करायलाही मी जाऊ शकत नाही.

मी नानीची सेवा केली, पण शुश्रूषा केली नाही. आज मला हा फरक कळतो.

हा फरक मला शिकवला तो नांदेडजवळच्या एका वृद्धाश्रमाने. २०१८ साली आम्ही नववीच्या मुलींना घेऊन तिथे गेलो होतो. आपण सारे जातो तसेच गेलो होतो. फळे वाटायची, एक गीत म्हणायचे आणि परत यायचे. तिथे एक बाबा कोपऱ्यातल्या खाटेवर बसलेले असत. वय नव्वदीच्या जवळ. ते फारसे कोणाशी बोलत नसत, म्हणून त्यांना 'कोपऱ्यातले बाबा' असेच नाव पडले होते. त्यांच्याबद्दल सेविकांची एक तक्रार होती. रोज पहाटे साडेतीन-चार वाजता ते उठत आणि बाहेरचे दार वाजवत. त्यांना पळून जायचे आहे, असे सर्वांना वाटे.

आमच्या एका मुलीच्या हातात उर्दूचे पुस्तक होते. दुसऱ्या दिवशी तिची चाचणी होती. बाबांनी ते पुस्तक मागून घेतले. उजवीकडून डावीकडे बोट फिरवत त्यांनी धड्याचे नाव हळूहळू वाचले. आम्ही सारे पाहतच राहिलो. बाबा मराठी शेतकरी कुटुंबातले होते. कपाळाला बुक्का लावत. पण त्यांचे शिक्षण निजामाच्या राजवटीत झाले होते. १९४८ पर्यंत नांदेड, लातूर आणि सारा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कारभार उर्दूत चाले आणि वरच्या वर्गांचे शिक्षणही उर्दूत होई. १९१८ साली हैदराबादला स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची भाषासुद्धा उर्दूच होती. त्यामुळे त्या पिढीतले कितीतरी मराठी लोक उर्दू लिहीत आणि वाचत.

मुलीने विचारले, "बाबा, तुम्हांला कोणी शिकवले?" आणि बाबा बोलू लागले. शाळा, मौलवीसाहेब, हातावर बसलेली छडी, दोन कोस पायी जाणे. मग शाळा सुटली आणि शेत आले. वडिलांबरोबर ते विहिरीवर मोट हाकत. उन्हाच्या आधी बैलांचे काम व्हावे म्हणून पहाटेच उठावे लागे. पुढे मोट गेली, विजेचा पंप आला, तरी रात्रीची वीज असली की पाणी द्यायला अंधारात उठणे सुटले नाही. सारे आयुष्य ते पहाटे उठून पिकाला पाणी देत आले होते.

दारात उभी असलेली सेविका हे ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे बाबा पळून जात नव्हते. ते पाणी द्यायला जात होते!"

त्या आठवड्यापासून अंगणातल्या झाडांना पाणी देण्याचे काम बाबांकडे आले. पहाटे एक सेविका त्यांच्याबरोबर दार उघडून बाहेर जाऊ लागली. दार वाजवणे बरेच कमी झाले. यासाठी नवे औषध लागले नाही, पैसा लागला नाही. एका मुलीने प्रश्न विचारला आणि उत्तर संपेपर्यंत ती बसून राहिली, एवढेच घडले.

मित्रांनो, यात चमत्कार काही नाही. म्हातारपणी, विशेषतः स्मृतिभ्रंशाच्या आजारात, नुकत्याच घडलेल्या गोष्टी आधी पुसल्या जातात. सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही. बालपणीच्या आणि तरुणपणीच्या आठवणी मात्र बराच काळ टिकतात. ज्या खोलीत अजून दिवा आहे, त्याच खोलीत जाऊन माणसाला भेटावे लागते. पूर्वी डॉक्टरही समजत, की म्हाताऱ्यांनी जुन्या गोष्टी सांगत बसणे हे बुद्धी मंद झाल्याचे लक्षण आहे. १९६३ साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी या समजुतीला विरोध केला. आयुष्याच्या शेवटी मागे वळून पाहणे स्वाभाविक आहे आणि त्यातून माणूस आपल्या जगण्याचा हिशेब जुळवत असतो, असे त्यांनी मांडले. त्यानंतर अनेक देशांतील वृद्धाश्रमांत आणि रुग्णालयांत माणसांच्या जीवनकथा ऐकणे, त्या लिहून ठेवणे हा देखभालीचा भाग होऊ लागला.

अशीच एक हकीकत लंडनची आहे. १९४८ साली तेथील एका रुग्णालयात डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडमधून आलेला एक ज्यू निर्वासित कर्करोगाने मरणाच्या दारात होता. वय जेमतेम चाळीस. जवळ नातेवाईक कोणी नाही. आपल्या जगण्याची काही खूणच मागे राहणार नाही, हे त्याचे दुःख होते. तेथे काम करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स या बाई त्याच्याजवळ बसत आणि त्याचे बोलणे ऐकत. त्या बोलण्यातूनच, मरणासन्न रुग्णांना शांतपणे राहता येईल असे एक घर असावे, ही कल्पना पुढे आली. जाताना त्या माणसाने त्या घराच्या एका खिडकीसाठी पाचशे पौंड ठेवले. सिसिलीबाई पुढे शिकून डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे रुग्णालय उघडले. आपल्या देशातले असे पहिले घर, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. एका मोठ्या कामाची सुरुवात अशी एका खाटेजवळ बसून ऐकण्यातून झाली.

जे वृद्धांचे, तेच अनाथ मुलांचे. किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची सोय केली. नळदुर्गला राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी 'आपलं घर' उभारले. ही कामे फार मोठी आहेत. मी जे म्हणते ते या कामांना कमी लेखण्यासाठी नाही. पण विचार करा. आई-वडील गेले, की मुलाचे छत्र जाते हे आपल्याला दिसते. त्याच वेळी आणखी एक गोष्ट जाते. 'तू लहान असताना असा होतास' हे सांगणारे माणूस जाते. मग त्या मुलाला आपले पहिले पाऊल, आपले लाडके नाव, आपल्या आईच्या हातची भाकरी यांची माहिती कोण देणार? इंग्लंडमध्ये अशा मुलांसाठी एक 'जीवनकथेची वही' करण्याची पद्धत आहे. मूल कोणत्या गावचे, घरात कोण कोण होते, कोणाला काय आवडे, हे नातेवाईकांना आणि शेजाऱ्यांना विचारून त्या वहीत लिहितात. मूल मोठे झाले की ती वही त्याची असते. आपल्याकडच्या प्रत्येक बालगृहात अशी वही असावी, असे मला वाटते.

माझ्या या म्हणण्यावर काही जण शंका घेतील. त्यांचा विचार करायला हवा.

पहिली शंका अशी, की जुन्या गोष्टी काढल्याने जखमेवरची खपली निघते. ही शंका खरी आहे. किल्लारीच्या माणसाला 'तुमच्या घरातले किती गेले?' असे विचारणे हे ऐकणे नव्हे, ती चौकशी झाली. मराठवाड्यातल्या वृद्धांच्या मनात आणखीही दुखऱ्या जागा आहेत. १९४८ च्या आधी रझाकारांनी केलेले अत्याचार आणि त्या सप्टेंबरमधील पोलीस कारवाईनंतर झालेली हिंसा, या दोन्हींच्या आठवणी आपल्याकडच्या घराघरांत आहेत. हिंदूंच्या घरांत आहेत आणि मुसलमानांच्या घरांतही आहेत. त्या आपणहून उकरायच्या नाहीत. विचारायचे असेल तर सणाचे विचारावे, जेवणाचे विचारावे, कामाचे आणि खेळाचे विचारावे. दुःखाची गोष्ट सांगणाऱ्याने आपणहून काढली, तर वाद न घालता, घाई न करता ऐकावी. तो थांबला तर आपणही थांबावे. आणि ते दुःख फार मोठे आहे असे वाटले, तर शिक्षकांना किंवा तेथील डॉक्टरांना सांगावे.

दुसरी शंका, वेळ कुठे आहे? एका सेविकेकडे कितीतरी खाटा असतात. तिने काम करावे की गोष्टी ऐकत बसावे? हेही खरे आहे. पण डोक्याला तेल लावताना, घास भरवताना, चादर बदलताना तोंड आणि कान मोकळेच असतात. ऐकलेल्या चार ओळी कागदावर लिहून खाटेजवळ लावल्या, तर पुढच्या सेविकेला त्या उपयोगी पडतात. 'यांना चहात साखर कमी लागते, हे तबला वाजवत, यांना दुपारी एकटे राहायला आवडते.' एवढे लिहिले तरी सात नंबरची खाट पुन्हा माणूस होते. शिवाय जिथे सेविकांना वेळ नाही, तिथे तुम्ही आहात.

तिसरी शंका, म्हातारी माणसे सांगतात ते सगळे खरे असते का? नसते. सालांची गल्लत होते, दोन प्रसंग एकमेकांत मिसळतात. इतिहास लिहायचा असेल तर पुरावा तपासलाच पाहिजे. पण आपण तिथे न्यायाधीश म्हणून जात नाही. आजोबांनी साल चुकवले, तर त्यांना टोकू नये.

माझी स्वतःची भीती मात्र वेगळीच आहे. हेही एक दिखाऊ काम होईल, अशी ती भीती आहे. हल्ली सफरचंद हातात ठेवण्याआधी मोबाइल वर जातो. रडणाऱ्या आजीचे चित्र घेतले जाते आणि तिला न विचारता गावभर पाठवले जाते. लक्षात ठेवा, गोष्ट सांगणाऱ्याची असते. त्याने परवानगी दिली तरच लिहावी. लिहिलेली वही आधी त्याला वाचून दाखवावी. त्याने 'हे नको' म्हटले, तर ते खोडून टाकावे. आणि एकदा जाऊन परत न जाण्यापेक्षा न गेलेले बरे. अर्धी राहिलेली गोष्ट ऐकायला कोणी येईल म्हणून वाट पाहणे फार कठीण असते.

आता मुख्य गोष्ट सांगते. हे काम तुम्ही, उर्दू माध्यमाच्या मुलांनी करावे, असे मला मनापासून वाटते. तुमच्याजवळ एक किल्ली आहे, जी इतरांजवळ नाही. निजामाच्या काळात शिकलेली पिढी आता नव्वदीच्या आसपास आहे. त्यांच्या पेटीतली जुनी पत्रे, शाळेचे दाखले, जमिनीचे कागद उर्दूत आहेत. त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना ते वाचता येत नाहीत. तुम्हांला येतात. तुम्ही त्यांना उर्दू वाचून दाखवू शकता आणि त्यांनी मराठीत सांगितलेली गोष्ट मराठीत लिहू शकता. 'टीचर, आम्हांला मराठी कशाला?' असे तुमच्यापैकी काही जण विचारतात. त्याचे एक उत्तर हे आहे. जी भाषा परीक्षेत गुण मिळवून देते, तीच भाषा कोपऱ्यात बसलेल्या एखाद्या माणसापर्यंत तुम्हांला पोहोचवते.

दरवर्षी १ ऑक्टोबरला जगभर ज्येष्ठ नागरिक दिन पाळतात. त्याच्या आदल्या दिवशी, ३० सप्टेंबरला, किल्लारीच्या भूकंपाचा स्मृतिदिन येतो. त्या दोन दिवसांत शाळेने फळांची टोपली जरूर न्यावी. पण टोपलीबरोबर एक कोरी वहीही न्यावी आणि ती भरेपर्यंत पुन्हा पुन्हा जावे.

मात्र सुरुवात घरापासून करा. तुमच्या घरी दादी असतील, नाना असतील. ते एकच गोष्ट दहा वेळा सांगतात म्हणून तुम्ही उठून जात असाल. आज जाऊ नका. अकराव्यांदा ऐका आणि एक प्रश्न विचारा. "मग पुढे काय झाले? त्या माणसाचे नाव काय होते?"

मी हा प्रश्न विचारला नाही. तुम्ही विचारा.

शब्दार्थ

शुश्रूषा – आजाऱ्याची सेवा, तीमारदारी
माळवद – घराचे मातीचे सपाट छप्पर
ढिगारा – पडलेल्या घराची दगड-माती, मलबा
मोट – बैलांच्या मदतीने विहिरीतून पाणी काढण्याचे चामड्याचे साधन
बुक्का – कपाळाला लावतात ती काळी सुगंधी पूड
निर्वासित – घर-देश सोडावा लागलेला माणूस, मुहाजिर
स्मृतिभ्रंश – आठवण नाहीशी होत जाण्याचा आजार
खपली निघणे – जुने दुःख पुन्हा ताजे होणे

स्वाध्याय

१. 'शुश्रूषा' आणि 'मिजाजपुर्सी' या शब्दांचे मूळ अर्थ सांगा.
२. कोपऱ्यातले बाबा पहाटे दार का वाजवत? ते कारण कसे कळले?
३. 'मी नानीची सेवा केली, पण शुश्रूषा केली नाही', असे लेखिका का म्हणते?
४. लेखिकेने कोणत्या शंकांचा विचार केला आहे? त्यांपैकी तुम्हांला कोणती शंका सर्वांत महत्त्वाची वाटते? का?
५. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध व्यक्तीला तिच्या लहानपणाविषयी तीन प्रश्न विचारा. तिच्या परवानगीने उत्तरे मराठीत लिहा आणि तिला वाचून दाखवा.